दोन बाय दीडचा दारूगोळा

टेक्सासला भाच्याकडे उतरलो तेव्हा त्याची गाडी बाहेर उन्हात उभी होती आणि गॅरेजला कुलूप होतं. मी मुंबईच्या हिंदमाताचा, पाणी तुंबणाऱ्या भागाचा माणूस. बाहेर उभी गाडी दिसली की माझी नजर आधी टायरकडे जाते, पाणी कुठवर आलंय बघायला. म्हटलं, "अरे, एवढं गॅरेज असून गाडी बाहेर का?"

"मामा, आत बेंच आहे ना."

मला वाटलं बाकडं असेल, संध्याकाळी बसायला. कुलूप उघडलं तर आत गाडी सोडून सगळं होतं. भिंतीलगत दहा फुटी लाकडी टेबल, त्यावर बोल्ट मारून घट्ट केलेलं एक हिरवं लोखंडी यंत्र, यंत्राला हातभर दांडा. बाजूला तराजू, बरण्या, फनेल आणि वर चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांची रांग. ही मांडणी मी याआधी फक्त लालबागच्या मिरची गल्लीत पाहिली होती.

भाचा घरी काडतुसं भरतो. म्हणजे एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही. ती घासूनपुसून यंत्रात ठेवायची आणि दांडा ओढायचा. मग जुनी केप बाहेर, नवी केप आत, मोजून दारू, वर गोळी, की काडतूस पुन्हा कामावर हजर. तिकडं हा राजरोस छंद आहे. आपल्याकडे लोक कुंडीत कढीपत्ता लावतात तसे तिकडं लोक हे करतात.

"यानं काय होतं?" मी विचारलं.

"पैसे वाचतात, मामा. प्रत्येक गोळीमागे."

"आतापर्यंत किती वाचले?"

भाचा थोडा वेळ त्या यंत्राकडे बघत राहिला. "अजून यंत्राचेच वसूल व्हायचेत. आणि घरी स्वस्त पडतं म्हणून हल्ली गोळ्या जरा जास्त उडतात."

हे अर्थशास्त्र मला नवीन नव्हतं. माझी बायको हिंदमाताच्या बाजारात गेली की होलसेलमध्ये स्वस्त पडतं म्हणून सहा ड्रेस मटेरियल आणते आणि संध्याकाळी चहा पिता पिता मला सांगते, की आज आपले दीड हजार वाचले. ते वाचलेले दीड हजार मी लग्नाला 34 वर्षं झाली तरी पाहिलेले नाहीत.

रात्री आईला फोन केला. आई 84 वर्षांची, पण तिला सगळी खबर लागते. तिला म्हटलं, "तुझा नातू एकदम टापटिपीचा आहे. रोज जेवण झालं की गॅरेजमध्ये जाऊन बसतो आणि दारू मोजून भरतो."

फोनवर बराच वेळ काही ऐकू येईना. मग आई हळूच म्हणाली, "मोजून का होईना... नातसुनेला माहीत आहे का?"

खुलासा करायला मला पुढची दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांतून तिनं एकच गोष्ट उचलली. भाचा पुंगळ्या चकचकीत करायला त्या एका फिरत्या पिंपात अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाबरोबर घोळवतो, ही. "अक्रोडाची टरफलं?" आई म्हणाली. "का? तिकडं चिंच मिळत नाही?"

महिनाभर मी रोज त्या टेबलाशी स्टूल टाकून बसलो. दारूला हात लावायची मला परवानगी नव्हती, पण दांडा ओढू देत होता. काय सांगू तुम्हाला! 36 वर्षं विमा कंपनीत कागद या ट्रेमधून त्या ट्रेमध्ये सरकवले. शेवटी काय तयार झालं, हे कधी दिसलंच नाही. इथं दांडा ओढला की दर वेळी 'खट्' असा आवाज आणि हातात एक वस्तू. मी ठरवून टाकलं. गॅरेज नाही, दहा फूट नाही, पण परत गेल्यावर आपणही घरात एक टेबल मांडायचं. त्यावर काय करायचं ते नंतर बघू.

निघताना भाच्यानं एक रिकामी पुंगळी किल्लीच्या कडीला अडकवून भेट दिली. ती मी कौतुकानं बॅगेत टाकली आणि विमानतळाच्या वाटेवर मला आठवलं, की बॅगेत काडतूस सापडलं म्हणून मुंबईच्या विमानतळावर लोकांना अडवल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्यात. तिकडं तपासणीवाल्याला मी कोणत्या भाषेत सांगणार की ही रिकामी आहे, आत फक्त मामाविषयीचं प्रेम आहे? रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मी बॅग उपसली. पुंगळी भाच्याला परत केली. पुढच्या पेट्रोल पंपावर पुन्हा उपसली, दुसरी तर नाही ना बघायला. विमानतळाच्या दारात तिसऱ्यांदा उपसली तेव्हा तिथला पोलीस खरोखरच माझ्याकडे संशयानं बघायला लागला होता.

हिंदमाताला परत आलो आणि आमच्या चाळीतल्या निवृत्त हवालदारांना गाठलं. ते गॅलरीत आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"साहेब, घरच्या घरी काडतुसं भरायची असतील तर काय करावं लागतं?"

पेपर खाली आला. "काही नाही. तुम्ही काडतुसं भरा, मी तुम्हाला गाडीत भरतो."

मग त्यांनी मला बसवून घेतलं आणि नोकरीतल्या सगळ्या वर्षांचा कायदा माझ्यावर रिकामा केला. 1959 चा शस्त्र कायदा. त्याचं पाचवं कलम. बंदूक असो की काडतूस, बनवायला परवाना लागतो. विनापरवाना बनवलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, पुढं जन्मठेपेपर्यंत. दारू वेगळीच, तिला 1884 चा स्फोटकांचा कायदा आहे. "आणि तुमच्याकडे बंदूक कुठंय?" त्यांनी विचारलं.

"बंदूक नाहीये."

"मग काडतुसं कशाला?"

"काडतुसं नकोच आहेत मला. टेबल हवंय."

हवालदारांनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा आरोपी त्यांच्यासमोर आला नव्हता.

खरं म्हणजे हे वेड आमच्या रक्तात आहे, असं म्हणायला मला आवडलं असतं. तळकोकणात आजोळी मोठ्या मामाकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. पडवीत बसून मामा ती भरायचा. नळीत दारू, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजानं ठासायचं. आम्ही पोरं ओटीवरून श्वास रोखून बघायचो. मामा तयार होऊन उठेपर्यंत वानरं माडावरची शहाळी पाडून, अर्धी खाऊन, उरलेली आमच्याकडे भिरकावून पलीकडच्या बागेत गेलेली असायची. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. आचारसंहिता लागल्याचं आम्हाला रेडिओवरून कळायचं, वानरांना त्याच्या आदल्या दिवशी. मामानं आयुष्यात त्या बंदुकीनं काही मारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. फक्त एकदा उडवताना मागच्या मागे शेणाच्या खळ्यात बसला, ते मात्र पाहिलंय.

माझी स्वतःची कामगिरी म्हणाल तर कॉलेजात एनसीसीत होतो. पॉइंट टू टू रायफल, पाच गोळ्या. माझं टार्गेट शेवटपर्यंत कोरं करकरीत राहिलं आणि शेजारच्या पोराच्या टार्गेटवर पाचाच्या जागी दहा भोकं निघाली. त्याला शाबासकी मिळाली. तो पुढं सैन्यात गेला. त्या पोराच्या कारकिर्दीत माझा वाटा आहे असं मी अजून मानतो.

हवालदारांनीच शेवटी तोड काढली. साडेचार मिलिमीटरपर्यंतचं आणि वीस ज्यूलपेक्षा कमी ताकदीचं हवेचं पिस्तूल असेल तर परवाना लागत नाही. हवेवर उडतं, दारू नाही, काडतूस नाही. डब्यात पाचशे शिशाचे छर्रे मिळतात. "पण त्यात टेबलावर करण्यासारखं काय आहे?" मी विचारलं. मग मी स्वतःच शोध लावला. मोठे नेमबाज छर्रे वजन करून निवडतात! एका डब्यातले सगळे छर्रे एका वजनाचे नसतात. मिलिग्रॅमचा फरक असतो. शिवाय डोक्याच्या मापातही 4.49, 4.50, 4.51 असे पोटभेद. हे सगळं मोजायचं, निवडायचं, वेगवेगळ्या डब्यांत भरायचं. याला तराजू लागतो. डबे लागतात. चिमटा, भिंग, दिवा लागतो. म्हणजेच टेबल लागतं.

आता टेबल कुठं, हा प्रश्न. आमचं घर म्हणजे बाहेरची खोली दहा बाय बारा आणि मागे मोरीसकट स्वयंपाकघर. त्यात मी, बायको, आई, मुलगा, कपाट, फ्रीज, दिवाण, देव्हारा आणि बाबांचं शिलाई मशीन, जे 1991 पासून बंद आहे आणि ज्याच्यावर टीव्ही आहे. हिंदमाताचं पाणी ओसरावं म्हणून महापालिकेनं प्रमोद महाजन उद्यानाच्या खाली आणि परळला सेंट झेवियर्स मैदानाच्या खाली लाखो लिटर पाणी मावेल अशा टाक्या बांधल्या. मुंबईच्या पोटात टाकीला जागा निघाली, पण माझ्या घरात दोन बाय दीडच्या फळीला निघेना.

"फ्रीजशेजारी?" मी म्हटलं.

"मग फ्रीज कसा उघडायचा?"

"दारामागे?"

"मग दार कसं उघडायचं?"

"दिवाणाच्या वर, भिंतीला घडीचं?"

बायकोनं हातातली मेथी खाली ठेवली. "अहो, त्या दिवाणावर आई झोपतात. रात्री उठून बसल्या तर डोकं कुठं आपटेल?"

"मी उठून बसतच नाही," आई दिवाणावरून म्हणाली. "सरळ उतरते." आईचा पाठिंबा मला मिळाला तो असा. नंतर कळलं, तिला फळीवर तपकिरीची डबी ठेवायची होती.

सुतार आला. त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं, कान लावला, चेहरा गंभीर केला. डॉक्टर करतात तसाच. "साहेब, वजन किती येणार?"

मी खिशातून कागद काढला. "एका छर्ऱ्याचं अर्धा ग्रॅम."

"आणि असे किती?"

"पाचशे."

त्यानं मनातल्या मनात हिशोब केला. "पाव किलो? त्याला खिळ्यावर पिशवी टांगली तरी चालेल."

त्याला मी बेंच या संकल्पनेबद्दल सांगितलं. टेबल हललं नाही पाहिजे. भाच्याचं टेबल जमिनीत बोल्ट मारून पक्कं केलंय, त्यावर हत्ती उभा राहिला तरी तराजूचा काटा हलणार नाही. सुतार म्हणाला, "मग हत्तीच्या हिशोबानं लावतो." आणि त्यानं पाव किलो शिशासाठी लोखंडी ब्रॅकेट, चार-चार इंची बोल्ट आणि पाऊण इंची मरीन प्लाय आणायला मला नागदेवी स्ट्रीटला पिटाळलं.

चाळीची भिंत बाहेरून 70-80 वर्षांची वाटते. आत ड्रिल गेलं की कळतं, ती त्याहून जुनी आहे आणि मधल्या काळात कोणीतरी तिच्यातल्या विटा काढून नेल्यात. पहिल्या भोकातून लाल भुसा आला. दुसऱ्यातून पांढरा चुना. तिसऱ्या भोकाला ड्रिल एकदम सुळकन आत गेलं आणि पलीकडून किंकाळी आली.

अकरा नंबरमधल्या काकू कालनिर्णय घेऊन दारात उभ्या राहिल्या. भोक बरोबर एकादशीच्या चौकोनात पडलं होतं. मध्यभागी. विठ्ठलाच्या चित्राला धक्का नाही, शेजारच्या दशमीला ओरखडा नाही. एनसीसीपासून आजपर्यंत असा नेम माझ्या हातून साधला नव्हता, आणि साधला तोही सुताराच्या हातून.

"काकू, नवीन आणून देतो," मी म्हटलं.

"नवीन आणाल हो. पण याच्यावर दूधवाल्याचे खाडे लिहिलेत. ते कुठनं आणाल?"

काकूंचे खाडे मी एका वहीत उतरवून दिले. एकादशीला दूध आलं होतं की नव्हतं हा मुद्दा आमच्यात अजून मिटलेला नाही.

टेबल मात्र झकास झालं. उघडलं की फळी, मिटलं की भिंतीवर कपाटाचं दार वाटावं असं. मुलानं दिव्यासाठी वायर ओढून दिली. लॅमिंग्टन रोडवरून ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा काटा आणला. मसाल्याचे बारा डबे आणले आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या: 0.527, 0.528, 0.529. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर मी हात धुतले, चष्मा लावला, दिवा लावला आणि टेबलाशी बसलो. टेक्सासमधला भाचाही याच वेळी बसतो असं मनात आलं आणि ऊर भरून आला. नंतर लक्षात आलं, की तिकडं तेव्हा सकाळ असते आणि तो ऑफिसला गेलेला असतो.

पहिला छर्रा चिमट्यानं उचलून काट्यावर ठेवला. 0.528. वहीत लिहिलं. पुन्हा बघितलं तर 0.541. पुन्हा 0.519. छर्रा तोच. पंखा! पंखा बंद केला. मे महिना होता. बायको, आई आणि मुलगा घामाघूम होऊन माझ्याकडे बघत बसले. आता 0.528 वर थांबलं. तोच आंबेडकर रोडवरून एक बस गेली, भिंत थरथरली, फळी थरथरली आणि छर्रा एकदम वजनदार झाला. हत्तीच्या हिशोबानं लावलेली फळी! पण हत्ती भिंतीच्या पलीकडच्या रस्त्यावरून चालले होते. मग मी वहीत एक वेगळा रकाना केला. बस गेली की 'ब', ट्रक गेला की 'ट', आणि अकरा नंबरमध्ये मिक्सर लागला की 'मि'. तासाभरात सात छर्रे झाले. त्यातले चार 'ट' होते.

आई हे सगळं दिवाणावरून बघत होती. "एवढं काय मोजतोस? सोनं आहे का?"

तिला मी समजावलं, की भाचा तिकडं दारू ग्रेनमध्ये मोजतो, एका पौंडात सात हजार ग्रेन असतात, आणि आपला इंग्रजांच्या वेळचा तोळा बरोबर 180 ग्रेनचा होता. आईचे डोळे चमकले. "म्हणजे 96 गुंजा. तर तुझा हा एक दाणा चार गुंजा नि वर थोडा." मी काट्यावर आणि कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहिलं. बरोबर होतं! 84 व्या वर्षी आईनं शिसं गुंजांत तोंडी सांगितलं, तेही ट्रक जात असताना.

घरात नियमही झाले. शिसं विषारी, हे बायकोला माझ्या मुलानंच सांगितलं. घरभेदी. तेव्हापासून छर्ऱ्याला हात लावला की मोरीत जाऊन दोनदा साबणानं हात धुवायचे. टेबलाजवळ चहा नाही. टेबलावरचा कपडा वेगळा, तो घरच्या कपड्यांत धुवायचा नाही. "सोयर असल्यासारखं झालंय," आई म्हणाली. मी तीन तासांत एकोणीस वेळा हात धुतले आणि नळाला पाणी सकाळी तासभरच येतं, यावरून वेगळा तंटा झाला.

आणि नेमबाजी? तिचं सांगायचं राहूनच जातंय. हवेच्या पिस्तुलाचं अंतर दहा मीटर. घराच्या दारापासून मोरीपर्यंत मोजलं तर सहा मीटरही भरेना. गॅलरीत दहा मीटर मिळतात, पण त्या दहा मीटरमध्ये तेरा जणांचे कपडे, दोन सायकली, एक तुळस आणि हवालदारांची आरामखुर्ची आहे. हवालदारांनी खुर्चीतूनच मान हलवली, ती मी समजलो. अभिनव बिंद्राला त्याच्या वडिलांनी घरीच रेंज बांधून दिली होती आणि 2008 मध्ये त्यानं बीजिंगहून ऑलिंपिकचं सोनं आणलं. माझ्या वडिलांनी मला शिलाई मशीन ठेवलं. हे मी बायकोला बोलून दाखवलं.

"अंजली भागवत आपल्या दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत होती," ती म्हणाली. "सिडनीला फायनलला गेली 2000 साली. आणि तो कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकिटं तपासायचा. पॅरिसहून ब्राँझ आणलं 2024 ला. त्यांनी आधी टेबलं केली होती का?"

मी निरुत्तर झालो. तिला हे सगळं सालासकट कधीपासून माहीत, हा प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती.

एकदा एका रेंजवर जाऊनही आलो. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. निवडून निवडून काढलेले, एकाच वजनाचे, 0.528 चे साठ छर्रे मी रुमालात बांधून नेले होते. तिथला शिकवणारा मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा. साठ झाडून झाल्यावर तो माझ्या टार्गेटपाशी बराच वेळ उभा राहिला. "काका, छर्रे एकदम छान आहेत," तो म्हणाला.

घरी आलो ते नव्या उमेदीनं. चूक वजनात नव्हती हे सिद्ध झालं होतं, तेव्हा आता डोक्याच्या मापाप्रमाणे निवडायचं ठरवलं. पुढच्या सहा आठवड्यांत 412 छर्रे बारा डब्यांत लागले. मी रात्री पंखा बंद करून बसायचो, घरचे गॅलरीत जाऊन बसायचे, गॅलरीतले लोक त्यांना विचारायचे, "काय, चाललंय का?" आणि बायको म्हणायची, "चाललंय." चाळीत मला 'काडतूस काका' म्हणायला लागले.

मग एका सकाळी मी दूध घेऊन आलो तर टेबल लखलखीत पुसलेलं. बाराही डबे धुऊन ओळीनं पालथे घातलेले. आई प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून उभी.

"किती तो पसारा मांडून ठेवलायस रे. सगळं एकाच प्रकारचं, नि बारा डब्यांत! मी एका डब्यात भरून टाकलं. हातसुद्धा लावला नाही, हे बघ, पिशवी घातली."

मी खाली बसलो. आई म्हणाली, "दोनदा हात पण धुतले."

जुलैत पाऊस लागला. हिंदमाताच्या माणसाला हवामान खातं लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी भेळवाला गाडी उचलून पुलावर न्यायला लागला की समजायचं. टाक्या झाल्यापासून पूर्वीइतकं तुंबत नाही, पण भरती आणि पाऊस एकदम आले की पाणी आपली जुनी वहिवाट विसरत नाही. दुपारी तीनला खालच्या मजल्यावरून हाक आली, "वर जागा आहे का हो?"

जागा! आमच्या पहिल्या मजल्यावर तीन नंबरमधला टीव्ही आला. पाच नंबरमधला मिक्सर आणि तांदळाचा डबा आला. एक नंबरमधल्या म्हाताऱ्या आजींचं सगळं कागदपत्राचं गाठोडं आलं. कुणी दोन भरलेले सिलिंडर आणले. ठेवायचं कुठं? दिवाणावर आई आणि खालच्या मजल्यावरची चार पोरं. जमिनीवर माणसं. मुलानं पटकन भिंतीवरची फळी उघडली. "बाबा, हिच्यावर?"

"अरे, त्याच्यावर काटा आहे," मी म्हणेपर्यंत काटा आईच्या मांडीवर गेला आणि फळीवर टीव्ही, टीव्हीवर मिक्सर, शेजारी तांदळाचा डबा आणि त्यावर कुणाचं तरी नवजात मांजर. रात्री दोनपर्यंत पाणी उतरलं नाही. आंबेडकर रोडवरून एकही ट्रक जात नव्हता. फळी इंचभरही वाकली नाही. मोजायला इतकी आदर्श रात्र मला पुन्हा मिळणार नव्हती, पण काट्यावर चौघा पोरांपैकी धाकटा आपला पडलेला दात ठेवून बघत होता. 0.310 भरला. बस नाही, ट्रक नाही, मिक्सर नाही. वहीतली सर्वांत शुद्ध नोंद तीच आहे.

दुसऱ्या दिवसापासून फळीची कीर्ती पसरली. तीन नंबरवाले म्हणाले, "काका, तुमची फळी म्हणजे फळी आहे." अकरा नंबरच्या काकूंनी भोकाची तक्रार मागे घेतली, आणि श्रावणात त्यांचं शेवयांचं यंत्र घेऊनच आल्या. त्यांच्या ओट्याच्या कडेला ते पकडत नाही. आमची पाऊण इंची प्लाय मात्र अशी जाड, की स्क्रू आवळला आणि यंत्र जागचं हललं नाही. छर्रे माझ्या बॅगेत, बॅग कपाटावर. फळी तीनदा धुतली, वर नवीन फॉर्मायका बसवला. तो खर्च काकूंनी अर्धा दिला. दूध आलं होतं की नव्हतं, ते त्या म्हणाल्या दिवाळीनंतर बघू.

दिवाळीच्या आधी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, तुमचा बेंच दाखवा की! किती दिवस नुसतं सांगताय."

मी फोन वळवला. भिंतीलगत टेबल, त्यावर बोल्टनं आवळलेलं यंत्र, त्याचा हातभर दांडा. बाजूला ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा काटा, त्यावर बायको केशर मोजत होती. वर चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांची रांग. पाच नंबरच्या वहिनी यंत्रात चकलीचं पीठ भरत होत्या.

"वा!" भाचा म्हणाला. "प्रेस कुठला घेतलात? दांडा मोठा दिसतोय."

"बाजूला व्हा जरा," वहिनी मला म्हणाल्या आणि दांडा ओढला.